वस्तीवर जाणारी पल्सर

गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ चुकली की पुढचे एकवीस दिवस वाट बघायची, आणि तोवर दाणावैरण चालूच. त्यामुळं वस्तीवरून फोन आला की "आज पाऊस आहे, उद्या येतो" असं मला म्हणताच येत नाही. साताऱ्यातनं निघायचं, परळी खोऱ्यात जायचं किंवा सज्जनगडाचा फाटा सोडून वर ठोसेघर, चाळकेवाडीच्या पठारावर चढायचं. मी कृत्रिम रेतनाचं काम करतो, म्हणजे माजावर आलेली गाय-म्हैस साठवलेल्या रेतानं भरतो. डॉक्टर नाही, पण धनगरवाड्यावर सगळे डॉक्टरच म्हणतात.

गावापर्यंत डांबर असतं. खरं काम डांबर संपल्यावर सुरू होतं. पठारावर जांभ्याचे गोटे आणि त्यावर बोटभर तांबडी माती, उतारावर पावसानं खोल कापलेल्या चाकोऱ्या, मध्येच ओढा. या रस्त्यावर माझ्या मागच्या सीटवर तीन लिटरचा नायट्रोजनचा कंटेनर असतो. आत उणे १९६ अंशांवर वळूच्या रेतमात्रांच्या कांड्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या बारीक नळ्या. कंटेनर उभाच राहिला पाहिजे, आणि त्याचं झाकण घट्ट बसवायचं नसतं, कारण आतला नायट्रोजन सतत वाफ होऊन बाहेर पडत असतो. थोडक्यात, ज्या गाडीवर भरलेला हंडा न सांडता नेता येईल अशी गाडी मला हवी होती.

२०१६ साली मी २००५ची पल्सर १५० जुनी घेतली. पहिल्या पावसाळ्यातच कळलं की ही गाडी पुणे-बेंगळुरू हायवेसाठी चांगली, जांभ्याच्या गोट्यांसाठी नाही. कंपनीची मातीत चालणारी गाडी घ्यावी असं वाटत होतं. पण हिरोनं २०११ साली आणलेली इम्पल्स तोवर बंद पडलेली, जुनी मिळाली तरी पार्टची मारामार. एक्सपल्स आली २०१९ साली. तेव्हा हातात होती ती पल्सरच, आणि तिचं इंजिन चांगलं होतं.

सुरुवात मी सगळे करतात तशीच केली. मोठा क्रॅशगार्ड, दोन फॉगलाइट, हँडलला जाड ग्रिप. गाडी दिसायला तगडी झाली आणि चालायला आणखी वाईट. रुंद क्रॅशगार्ड अरुंद चाकोरीच्या कडेला अडकायला लागला. तो अडकला की हँडल हातातनं सुटल्यासारखं व्हायचं.

पोवई नाक्याजवळच्या माझ्या मिस्त्रींनी मला सरळ केलं. वय साठीच्या पुढं, आयुष्य स्कूटर आणि राजदूत खोलण्यात गेलेलं. मी त्यांच्यासमोर एक यादी ठेवली: मातीत धरणारे, उंच गुंड्यांचे बटण टायर, उंच हँडल, इंजिनाखाली पत्री, उंच शॉकअप. त्यांनी ती वाचलीसुद्धा नाही.

"डॉक्टर, काय लावायचं त्ये मागनं बगू. गाडी कुटं आपटतीया, कुटं आडतीया त्ये लिवून आना. म्हैनाभर लिवा."

म्हणून रेतनाच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर मी लिहायला लागलो. पुढच्या पानांवर गाईचा बिल्ला क्रमांक, वळूचा क्रमांक, तारीख. मागच्या पानावर गाडीचं दुखणं. महिन्यानंतर ते पान वाचलं तर पहिल्या यादीतलं निम्मं त्यात नव्हतंच. सगळ्यात जास्त वेळा लिहिलं होतं: "पुढचं चाक चिखलानं जाम."

पल्सरचं पुढचं मडगार्ड टायरला अगदी चिकटून असतं. डांबरावर ते बरोबर. पण आमचा तांबडा चिखल एकदा त्या फटीत शिरला की विटेसारखा घट्ट होतो. त्या जुलैत मी केळवलीच्या बाजूला उतारावर होतो, ब्रेकला हातही लावला नव्हता, आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. गाडी जागच्या जागी आडवी. खुरप्यानं चिखल काढत मी तिथं पाऊण तास बसलो होतो. यावर उपाय सगळ्यात स्वस्त निघाला. मडगार्ड एक इंच वर उचललं, त्यासाठी दोन छोटे ब्रॅकेट केले. फक्त एक गोष्ट मिस्त्रींनी बजावली: मडगार्डखालची लोखंडी पट्टी काढायची नाही. ती पट्टी दोन्ही शॉकअपना एकत्र धरून ठेवते. ती काढून नुसतं प्लास्टिक वर टांगलं तर दोन्ही दांड्या आपापल्या मनानं वळतात आणि चाकोरीत हँडल लुळं पडतं. आम्ही पट्टी तिच्या जागी ठेवली आणि वरचं प्लास्टिक तेवढं उचललं.

दुसरी गोष्ट चाकांची, आणि ती मी हट्टानं बिघडवली. बटण टायर घातले होतेच. मातीत पकड यावी म्हणून मी हवा कमी करत गेलो. पुढं २५ची २०, मग १६. पकड खरोखर वाढली. पण माझ्या गाडीची चाकं अलॉयची, म्हणजे तारांची नाहीत, एकसंध ओतीव. एका संध्याकाळी कडेचा दगड चाकाला बसला, टायर दबून रिंगेला टेकला आणि रिंगेच्या कडेला अंगठा बसेल एवढी खोक पडली. अलॉय वाकलं की त्याचा आउट काढणं, म्हणजे वाकडेपणा घालवणं, धोक्याचं, ठोकून सरळ केलेलं कधी तडकेल सांगता येत नाही. तारांची रिंग वाकली तर साताऱ्यात कुठंही तारा ताणून आउट काढून मिळतो, शिवाय तारा थोडा धक्का स्वतः खातात.

इथं पल्सरचा इतिहास कामाला आला. २००१ साली आलेल्या पहिल्या पल्सरला कंपनीचीच तारांची १८ इंची चाकं होती. १७ इंची अलॉय नंतर आले. कराडच्या जुन्या बाजारात तसली दोन चाकं मिळाली. एका बाजूला दीड-दोन मिलिमीटरची फट राहत होती, ती एमआयडीसीतल्या टर्नरकडून लेथवर बुश करून भरली. चाक मधोमध आलंय का हे बघायला मिस्त्रींनी मागच्या टायरपासून पुढच्यापर्यंत दोन्ही बाजूंनी सुतळी ताणली. मी इंचपट्टी धरून बसलो होतो, पण त्यांचं सगळं लक्ष त्या सुतळीवर. तीनदा चाक काढलं, तीनदा बुश घासला, तेव्हा सुतळी दोन्हीकडं सारखी टेकली.

१८ इंचाचा दुसरा फायदा असा की या मापाचे बटण टायर तालुक्याच्या दुकानातही मिळतात. चाक मोठं झाल्यानं गाडी दोन्हीकडं अर्धा इंच उचलली गेली आणि खड्ड्यात कमी पडायला लागली. मोठं चाक म्हणजे गाडी थोडी लांब गिअरची होते, चढाला दमते. म्हणून पुढचं स्पॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चक्र, १५ दात्यांचं काढून १४चं घातलं. पुढचा एक दाता कमी करणं म्हणजे मागं तीनेक दाते वाढवल्यासारखं, आणि खर्च त्याच्या पावपट. आता घाटातल्या चिखलाच्या चढाला पहिल्या गिअरमध्ये क्लच न दाबता गाडी चालत्या माणसाच्या वेगानं जाते. या कामात जोरानं जायचं नसतंच. हळू जाता आलं पाहिजे.

हवा आता पुढं २२, मागं २६. त्याखाली मी जात नाही.

मग शॉकअप. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त शिकलो ते इथंच.

नोंदवहीत दुसऱ्या नंबरला होतं "मागं ठोकर लागते". कंटेनर, अवजारांची पेटी, माझं वजन, त्यामुळं मागचे शॉकअप अर्धे आधीच दबलेले. जुन्या बाजारातून दुसऱ्या एका गाडीचे शॉकअप आणले, वरच्या बुशापासून खालच्या बुशापर्यंत २० मिलिमीटर लांब आणि स्प्रिंग जाड. मागचा भाग उचलला, ठोकर थांबली. पण गाडी पुढं वाकल्यासारखी झाली आणि हँडल हलकं, भिरभिरं. मागून गाडी उचलली की पुढचे शॉकअप जास्त सरळ उभे राहतात, आणि मातीत गाडीला जी स्थिरता लागते ती कमी होते. म्हणजे पुढूनही तेवढीच उचलायला हवी.

पुढच्या शॉकअपच्या नळीत स्प्रिंगच्या वर स्पेसर घालून उंची मिळते. मी टर्नरकडून नायलॉनचे ३० मिलिमीटरचे दोन स्पेसर करून आणले. शॉकअपचं ऑइल बदलून थोडं जाड घातलं. गाडी रुबाबात उभी राहिली. आणि पठारावर गेल्यावर पुढचं चाक गोट्यावरनं गोट्यावर उड्या मारायला लागलं. मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यानंतर शॉकअपमधून "टक" असा आवाज. हात मनगटापासून दुखायचे. मला वाटलं ऑइल जास्त झालं असेल.

मिस्त्रींनी शॉकअपच्या दांडीला एक प्लास्टिकचा केबल टाय बांधला, खाली सीलला टेकवून. मला बसवलं, सावकाश उतरवलं, आणि टाय किती सरकला ते मोजलं. पाच इंचांच्या दांडीत जेमतेम अर्धा इंच.

"शॉकअप नुसतं दबाया नसतंय. चाकाला खाली बी जाया पायजे. खड्डा आला की चाकानं खड्ड्यात उतरायचं. तुमी त्येला खाली जाया जागाच ठिवली न्हाय."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीवर बसल्यावर शॉकअप थोडं दबलेलंच असलं पाहिजे, साधारण पाव ते एक तृतीयांश, म्हणजे पुढं खड्डा आला की चाक तेवढं खाली झेपावतं आणि जमीन सोडत नाही. मी स्प्रिंग इतकी दाबून ठेवली होती की चाक आधीच सगळ्यात खालच्या टोकाला उभं होतं. त्या "टक" आवाजाचा अर्थ तो होता. स्पेसर पुन्हा लेथवर गेले, ३०चे १५ झाले. आता टाय सव्वा इंच सरकतो. उंची कमी झाली, गाडी तेवढी रुबाबदार दिसत नाही, पण पुढचं चाक गोट्यांवरनं मांजरासारखं जातं.

मागून उचललेल्या गाडीच्या चेनचं एक सांगायलाच हवं, कारण यात चेन तुटलेले लोक मी पाहिलेत. स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलला की चेनचा ताणही बदलतो. पुढचं स्पॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताठ असते. म्हणून मागं दोन माणसं बसवून गाडी त्या जागेपर्यंत दाबायची आणि तेव्हा चेनला थोडी ढील आहे का बघायचं. रिकाम्या गाडीवर स्टँड लावून बसवलेला ताण इथं फसवतो.

आणि स्टँड. याची नोंद माझ्या पानावर नव्हती, कारण गाडी उंच होईपर्यंत ते दुखणंच नव्हतं.

गाडी जवळजवळ सव्वा इंच उंच झाली, साइडस्टँड होतं तेवढंच राहिलं. त्यामुळं गाडी जास्त कलायला लागली. माझ्या लक्षात आलं होतं, "करू पुढच्या आठवड्यात" म्हणून सोडून दिलं. ऑगस्टमध्ये एका धनगरवाड्यावर म्हैस भरायला गेलो. गोठ्यासमोर शेणामातीचं ओलं अंगण. गाडी उभी केली, हातमोजा चढवत होतो, तेवढ्यात मागं धप्प. स्टँडचं टोक मातीत गेलं होतं. कंटेनर कलंडला, झाकण निघून पडलं, आणि पांढरा धूर अंगणभर पसरला. जमिनीलगत, घोट्याएवढा. कोंबड्या ओरडत पळाल्या. म्हातारी दारात उभी होती, तिनं हात जोडले. मी धावलो, कंटेनर उभा केला, पण आत तळाला थोडंच उरलं होतं आणि कांड्यांचं कॅनिस्टर मातीत पडलेलं. कांडी एकदा उबली की संपली, पुन्हा गार करून उपयोग नसतो. चाळीसच्या वर कांड्या मी ओढ्याच्या कडेला खड्डा करून पुरल्या. म्हैस त्या दिवशी भरता आली नाही. घरमालक काही बोलले नाहीत, चहा दिला. तो चहा मला गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वेल्डिंगच्या दुकानापुढं होतो. स्टँड सव्वा इंचानं वाढवलं आणि टोकाला तळहाताएवढी पत्री लावली, कडा वर वळवून, म्हणजे मातीत रुतत नाही. मेनस्टँडच्या पायांनाही तुकडे जोडले. तेव्हापासून कुणीही गाडी उचलून घेतो म्हणाला की मी पहिल्यांदा स्टँडचं सांगतो.

कंटेनरची जागाही तेव्हाच बदलली. आधी तो मागच्या कॅरिअरवर होता, एक्सलच्या मागं, म्हणजे प्रत्येक धक्का दुप्पट. आता मागच्या सीटवरच सळईचा चौकोनी सांगाडा, आत ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणलेल्या, त्यात कंटेनर झोळीत बसल्यासारखा. मागं माणूस बसवता येत नाही. पण त्या रस्त्याला मागं माणूस बसवायचा नसतोच.

बाकीची कामं थोडक्यात सांगतो. इंजिनाखाली ३ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पत्री, फ्रेमला बांधलेली, इंजिनाला नाही. पहिल्या वेळी ऑइल काढायच्या बोल्टसमोर भोक ठेवायचं विसरलो, म्हणून दरवेळी सगळी पत्री उतरवायला लागायची. हँडल थोडं रुंद आणि दीड इंच वर घेतलं, म्हणजे फूटरेस्टवर उभं राहून चालवता येतं. हँडल वर घेतल्यावर ते दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून बघा. माझी अॅक्सिलेटरची केबल डावीकडं वळवलं की ताणायची आणि गाडी आपोआप रेस व्हायची. अरुंद वळणावर हे जीवघेणं आहे. लांब केबल घातली. फूटरेस्टचं रबर काढून वर दातेरी पट्टी वेल्ड केली, ओल्या बुटाला धरतं. एअर फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी रॉकेलमध्ये धुऊन, सुकवून, ऑइल लावून बसवतो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखालचा फुफाटा मैद्यासारखा बारीक असतो.

क्रॅशगार्ड काढून कमी रुंदीचा लावला. फॉगलाइट विकून टाकले.

साडीगार्डही मी एकदा काढलं होतं, त्यात चिखल भरतो म्हणून. मग परत लावलं. कायद्यानं ते हवंच, आणि वस्तीवरची मुलं गाडीभोवती फिरत असतात, फिरत्या चाकात बोट जायला वेळ लागत नाही. कायद्याचं निघालंच तर सांगतो, १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं आरसीवरच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मी इंजिन, फ्रेम आणि सायलेन्सर यांना हात लावला नाही. सायलेन्सर मोकळा करून पठारावर आवाज काढत फिरणाऱ्या गाड्या मी रोज बघतो. त्या आवाजानं बांधलेली गुरं दाव्याला हिसके देतात, व्यायला आलेली म्हैस बिथरते. माझी गाडी गोठ्याजवळ जाते, म्हणून ती शांतच हवी.

आणखी एक, आणि हे मनापासून. माती बघून गाडी कुठंही घालू नका. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण आसपासचे कितीतरी सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारं, तसेच आहेत, त्यांना कुंपण नाही, पाटी नाही. जांभ्यावर चार बोटं माती असते आणि त्यातच सगळं उगवतं, तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. बटण टायर एकदा गेला की चाकोरी पडते, पाणी त्या वाटेनं वाहतं, माती निघून जाते आणि खाली नुसता दगड उरतो. मी वाट असेल तिथूनच जातो. जिथं पायवाट आहे तिथं गाडी ठेवतो आणि कंटेनर खांद्याला लावून चालतो.

शॉकअप बरोबर बसलाय की नाही हे मला आता केबल टायनं बघावं लागत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर कंटेनरमध्ये मोजपट्टी बुडवतो, बाहेर काढून हवेत हलवतो, आणि जिथवर नायट्रोजन असतो तिथवर पट्टीवर पांढरं दंव धरतं. धक्के जास्त बसले की नायट्रोजन जास्त उकळून उडतो. जुन्या शॉकअपवर चाळकेवाडीची फेरी झाली की दिवसाला दीड सेंटिमीटर पातळी उतरायची. ३०च्या स्पेसरवर त्याहून जास्त. आता एक सेंटिमीटरच्या आत राहते.

काल वरच्या वाडीला दोन गाई आणि एक म्हैस झाली, ओढा दोनदा ओलांडला. रात्री आठला पट्टी काढली. दंव आठ मिलिमीटर उतरलं होतं. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर आकडा लिहिला आणि गाडीला पाणी मारलं.